अकरा महिन्यांचा करार आणि माझी ग्रॅच्युइटी

यंत्रांचे सुटे भाग पुरवणाऱ्या पुण्यातील एका खासगी फर्ममध्ये मी १ ऑक्टोबर २०१४ रोजी लेखापाल म्हणून रुजू झाले आणि ३१ मे २०२१ रोजी राजीनामा देऊन बाहेर पडले. या सहा वर्षे आठ महिन्यांत मला नेमणूकपत्र असे कधीच मिळाले नाही. त्याऐवजी दर अकरा महिन्यांनी शंभर रुपयांच्या मुद्रांकावर नवा करार होत असे आणि दोन करारांच्या मध्ये एक दिवसाचा खंड दाखवला जात असे. 'करार संपल्यावर कर्मचाऱ्यास ग्रॅच्युइटी अथवा अन्य कोणताही लाभ मागता येणार नाही' असे एक कलम त्यात ठळक अक्षरांत छापलेले होते. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांच्या प्रमाणात मालकाने द्यायची रक्कम. हिशेब मागायला गेले तेव्हा शेठनी तेच कलम माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "मॅडम, सही तुमचीच आहे ना?"

सही माझीच होती, त्यामुळे दोन आठवडे मी गप्प बसले. आयुष्यभर इतरांची कागदपत्रे तपासणाऱ्या बाईने स्वतःचा करार एकदाही नीट वाचला नव्हता, याची लाजही वाटत होती. पुढे कामगार कायद्याचे काम करणाऱ्या एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी करार बाजूला सारला आणि नोकरीचा पुरावा म्हणून आधी पीएफचे (भविष्य निर्वाह निधीचे) पासबुक मागितले. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १० प्रमाणे करार वैध ठरायला सज्ञान व सक्षम पक्षकार, मुक्त संमती, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर उद्देश लागतो. नोकरीचा करार तोंडीही असू शकतो आणि मुद्रांकाच्या कागदामुळे बेकायदा अट कायदेशीर होत नाही, असे त्यांनी समजावले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तेव्हा लागू असलेल्या ग्रॅच्युइटी कायदा, १९७२ चे कलम १४. कोणत्याही करारात काहीही लिहिलेले असले तरी या कायद्याच्या तरतुदीच वरचढ राहतील, असे ते कलम सांगत होते. म्हणजे ज्या ओळीपुढे मी हात टेकले होते, ती ओळ कायद्याच्या लेखी लिहिलीच नव्हती असे समजायचे.

आधी फर्मला नमुना 'आय' मध्ये रीतसर अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवला. उत्तर आले नाही. मग डिसेंबर २०२१ मध्ये नियंत्रक प्राधिकाऱ्यापुढे, म्हणजे आपल्याकडे कामगार न्यायालयात, नमुना 'एन', म्हणजे ग्रॅच्युइटी देण्याचा आदेश मागणारा अर्ज, दाखल केला. त्यासाठी नव्वद दिवसांची मुदत होती. ती उलटलेली असल्याने सोबत विलंब माफीचा अर्ज जोडला, आणि कोविडच्या काळातील मुदती सर्वोच्च न्यायालयाने वाढवलेल्या असल्यामुळे तो अडला नाही. तारखा मात्र पडत राहिल्या. त्यांचे वर्णन करण्यात अर्थ नाही.

फर्मचा पहिला बचाव असा होता की आमच्याकडे आठच माणसे आहेत, म्हणून कायदा लागूच होत नाही. मी रुजू झाले तेव्हा चौदा जण होते आणि ते पीएफच्या चलनांवरून दिसत होते. दहा माणसांमुळे कायदा एकदा लागू झाला की संख्या घटली तरी तो लागूच राहतो, त्यामुळे हा मुद्दा लवकर मिटला. दुसरा बचाव खंडाचा होता आणि खरी लढाई तिथेच झाली. पाच वर्षे सलग सेवा हवी; तुमची सेवा तर दर अकरा महिन्यांनी तुटत होती, असे त्यांचे म्हणणे. ग्रॅच्युइटी कायद्याच्या कलम २-अ प्रमाणे बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले तर ते वर्ष सलग धरले जाते, आणि आठवड्याचे सहा दिवस काम करणाऱ्या माणसाचे तेवढे दिवस एका दिवसाच्या खंडाने कमी होत नाहीत. एवढ्यावर भागले असते, पण करारांच्या तारखा लावताना मला एक गोष्ट दिसली. तिसरा करार २ जुलै २०१७ रोजी संपला होता आणि चौथा ४ जुलैला सुरू झाला होता. म्हणजे ३ जुलै २०१७ या सोमवारी, जीएसटी लागू झाल्यानंतरच्या दुसऱ्याच कामाच्या दिवशी, फर्मची लेखापाल कागदोपत्री नोकरीतच नव्हती! त्या दिवशी मी रात्री नऊपर्यंत बसून नव्या नमुन्यातील बिले काढत होते, आणि सॉफ्टवेअरवाल्याला माझ्या नावाने गेलेले ईमेल माझ्याकडे शिल्लक होते. उलटतपासणीत फर्मच्या साक्षीदाराला विचारले, की मग त्या दिवशी बिले कोणी केली? त्याने खाली पाहिले आणि 'आठवत नाही' म्हणाला.

रकमेवरही वाद झालाच. शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून ३१,२०० रुपये होते. फर्मने पर्यायी हिशेब म्हणून महिन्याचे तीस दिवस धरून दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाचे १५,६०० रुपये आणि सहा वर्षे, असे ९३,६०० काढले. कायदा भागायला सव्वीस दिवस सांगतो, आणि सहा महिन्यांहून अधिकचा शेवटचा तुकडा पूर्ण वर्ष धरतो. म्हणून १८,००० गुणिले सात, म्हणजे १,२६,०००.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांत नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे आणि ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला एका वर्षाच्या सेवेनंतरही त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. माझे प्रकरण जुन्या कायद्याखालचे होते, पण पीएफचे पासबुक, बँकेचा उतारा, पगाराच्या पावत्या आणि कामाचे ईमेल यांची एक प्रत नोकरीत असतानाच घरी ठेवावी, हे मी आता प्रत्येक ओळखीच्या माणसाला सांगते.

माझ्या प्रकरणात एप्रिल २०२३ मध्ये आदेश झाला. देय तारखेपासून बावीस महिन्यांचे दसादशे दहा टक्के सरळ व्याज २३,१०० रुपये, म्हणून एकूण १,४९,१००. अपील करायचे तर ग्रॅच्युइटीची रक्कम आधी भरावी लागते, म्हणून असेल कदाचित, फर्मने अपील केले नाही. धनादेश घ्यायला मी स्वतः गेले आणि पोच देताना त्यावरचा मजकूर दोनदा वाचून मगच सही केली.