हो, अजूनही फॉर लूप

मी अजूनही फॉर लूप का लिहिते, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आर ही आकडेमोडीची संगणकभाषा, आणि फॉर लूप म्हणजे एकेका आकड्यावर फेरी मारत तेच काम करणं. एरवी कार्यशाळेत कुणी "मॅडम, आरमध्ये लूप लिहायचे नसतात ना?" म्हणालं की मी हसून पुढची स्लाइड लावते. आर शिकवणारी बाई पडद्यावर राजरोस फॉर लिहिते म्हटल्यावर लोक असे बघतात, जणू मला एकादशीला मिसळ खाताना पकडलंय.

माझं काम पावसाच्या आकड्यांचं. जमिनीतल्या ओलाव्याचा हिशोब असा: कालचा ओलावा, अधिक आजचा पाऊस, वजा आजचं बाष्पीभवन. शून्याखाली जायचं नाही आणि जमिनीच्या कुवतीबाहेरही नाही. जास्तीचं पाणी वाहून जातं. चालती बेरीज करणाऱ्या क्यूमसम या तयार फंक्शनला हे जमत नाही, त्याला मधली ही काटछाट माहीतच नसते. रिड्यूसला, म्हणजे मागचं उत्तर पुढच्या पायरीला देणाऱ्या फंक्शनला, जमतं, पण तोही एकामागून एक दिवसच चालतो. मग मी उघड चालले तर काय बिघडलं?

"पण लूप हळू असतो." 2017 सालच्या 3.4.0 आवृत्तीपासून आर लूप आपणहून बाइटकोडमध्ये, म्हणजे झटपट चालवता येईल अशा रूपात, बदलून घेतं. बहुतेकांचा लूप रखडतो तो पोटात आरबाइंड (तक्त्याला ओळ जोडणारं फंक्शन) घातल्यामुळे. दर फेरीला अख्खा तक्ता नव्याने उतरवला जातो. एकेक ओळ जोडत 10,000 पर्यंत जायचं तर साधारण 5 कोटी ओळींची उतरवाउतरव होते. आधी हव्या त्या लांबीचा रिकामा व्हेक्टर, म्हणजे आकड्यांची रांग, घ्या, मग बोला. आणि लूपऐवजी ज्या अप्लायचे (प्रत्येक ओळीला तीच क्रिया लावणारं फंक्शन) गोडवे गाता, त्याचं नुसतं नाव कंसाशिवाय टाइप करून एंटर दाबा. आत फॉरच बसलेला दिसेल.

खरं सांगायचं तर माझा राग वेगावरून नाहीच.

एका प्रकल्पात केंद्रवार मुसळधार पावसाचे दिवस मोजायचे होते. 24 तासांत 64.5 मिलिमीटर किंवा जास्त, ही हवामान खात्याची व्याख्या. माझा लूप ओळीमागून ओळ तपासत होता. आमच्या वरिष्ठ सल्लागारांनी तो काढून अप्लायची एक ओळ टाकली. "आता कसं आरसारखं दिसतंय!" अहवाल गेला. कोकणातल्या एका केंद्रावरच्या माणसाचा फोन आला, "बाई, आमचा 210चा दिवस कुठे गेला?"

संध्याकाळी मी एक ओळ छापून बघितली. पावसाचा आकडा अवतरणचिन्हांत होता. तक्त्यात केंद्राच्या नावाचा रकाना होता ना, आणि अप्लाय आधी सगळ्या तक्त्याचं मॅट्रिक्स करतं. मॅट्रिक्सला एकच जात चालते, म्हणून आकड्यांचीही अक्षरं झाली. मग तुलना शब्दकोशातल्यासारखी: 210.4 चा 2 हा 64.5 च्या 6 च्या आधी येतो, म्हणजे 210 लहान! 100 ते 599 मधला प्रत्येक दिवस गळाला. दोन आकडी पावसापुढे रुंदी जुळवायला रिकामी जागा घातलेली; ती कशी मोजली जाईल हे त्या त्या संगणकाच्या लोकेलवर (भाषेच्या सेटिंगवर). एरर नाही, इशारा नाही, लाल अक्षर नाही. आणि 26 जुलै 2005चा सांताक्रूझचा 944 मात्र यादीत ठणठणीत, कारण 9 हा 6 च्या नंतर. सगळ्यांनी तोच एक दिवस डोळ्यांनी तपासला होता.

बैठकीत सल्लागार म्हणाले, "किरकोळ टाइप कन्व्हर्जन." दुरुस्तीपत्र माझ्या सहीने गेलं. ते अजून सलतं, लपवत नाही.

आता तुम्ही म्हणाल, तिथे लूपही नको होता आणि अप्लायही; पाऊस 64.5 किंवा जास्त, त्यावर सम (बेरीज), संपलं. बरोबर आहे. लूपही काही सोवळ्यातला नाही. फॉरला थेट तारखा द्या, तो त्यांचा तारीखपणा काढून घेतो. 26 जुलै 2005चे 12990 होतात. एक ते लेंग्थ (यादीची लांबी) असं लिहिलं आणि यादी रिकामी निघाली, तर एक आणि शून्य अशा दोन फेऱ्या मारून मोकळा. म्हणून रिकाम्या यादीवर एकही फेरी न मारणारं सीक अलाँग वापरायचं, हे मीच ओरडून सांगते.

आणि एके काळी लूप दिसला की विद्यार्थ्यांच्या वह्या लाल करणारीही मीच. त्या बाईशी माझं अजून भांडण आहे. ती म्हणते, एकेक आकडा सोडून अख्ख्या व्हेक्टरवर एकदम विचार करायला शिका, निम्मे लूप आपोआप गळतील. गळतात, मान्य. पण सलग ओले दिवस मोजा आणि मध्ये एखादा कोरडा गेला तरी चालेल, असं कुणी सांगितलं की ती आरएलई (सलग सारख्या नोंदी मोजणारं), डिफ (लागोपाठच्या आकड्यांतला फरक काढणारं) आणि क्यूमसम एकात एक गुंफून अशी ओळ रचते की सहा महिन्यांनी तिलाच उलगडत नाही. ती म्हणेल, मग वर दोन ओळी टिप्पणी लिहायची. तिच्या जुन्या फाइली माझ्याकडेच आहेत. टिप्पणी एकीतही नाही.