म्होरल्याच्या टाचा

पुणे ते सासवड हा ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा सर्वांत लांब टप्पा, ३० किलोमीटरच्या आसपास. त्यातच दिवे घाट. आळंदीहून निघाल्यापासून मला त्या घाटाचीच धास्ती होती. दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे बघून ‘आता जपून’ एवढंच म्हटलं होतं. तेवढ्यावर मी जिनासुद्धा टाळायला लागलो होतो.

वडकीचा विसावा झाला, घाट लागला आणि पहिल्याच वळणावर छाती धडधडायला लागली. संपलं आपलं, म्हणून कडेच्या दगडावर बसलो. गुडघा दुखतही नव्हता. चढावर छाती कुणाची धडधडत नाही? पण माणूस एकदा घाबरला की साधी धापसुद्धा त्याला आजार वाटते.

मागून आमच्या दिंडीतल्या आजी आल्या. सत्तरीच्या पुढच्या. डोक्यावर तुळस, तिला हातसुद्धा लावलेला नाही. “उठा माउली. वर बघू नगा, म्होरल्याच्या टाचा बघा.”

मग त्यांच्याच मागे लागलो. भेगाळलेल्या टाचा, उजव्या चपलेचा पट्टा सुतळीनं बांधलेला. टाळाच्या ठेक्यावर ती सुतळी वरखाली होत होती आणि माझं पाऊल तिच्यामागे पडत होतं. एक वळण सरलं. दुसऱ्याची धास्ती आपोआप निम्मी झाली. माथ्यावर पोचलो तेव्हा गुडघ्याची आठवणही नव्हती.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं होतं, की ‘मला हे जमेल’ हा भरवसा मुख्यतः चार वाटांनी येतो: आधी जमलेलं काम, दुसऱ्याला जमताना बघणं, धीराचा शब्द, आणि धाप-धडधडीचा आपण लावलेला अर्थ. मला चारही त्या एका घाटात भेटल्या. (त्यांच्या यादीत लाज नाही. माझ्या बाबतीत निम्मं काम तिनंच केलं.)

सासवडच्या दोन मुक्कामांनंतर जेजुरी. अंतर जवळपास निम्मं. घाट चढलेल्या माणसाला हे काय, अशा तोऱ्यात ओल्या मोज्यांवरच निघालो. दुपारी टाचेवर रुपयाएवढा फोड. त्याला भरवसा-बिरवसा काही कळत नाही.

आजींनी चष्मा पुसला, सुईत दोरा ओवला आणि माझा पाय मांडीवर घेतला.

“म्होरल्याच्या बघत ऱ्हायलात माउली. सवताच्या बघितल्याच न्हाईत.”