बादलीतून खणात: पहिली टूल चेस्ट, नवी की जुनी

मागच्या नोंदीत पुढचे ब्रेक पॅड बदलल्याचं लिहिलं होतं. एक गोष्ट मात्र लाजेपोटी गाळली होती. दोन तासांच्या त्या कामातला पाऊण तास मी बादलीत हात घालून पाने शोधत होतो. हो, बादलीच. गेलं वर्षभर माझी सगळी हत्यारं एका प्लास्टिकच्या बादलीत आणि संचांबरोबर आलेल्या दोन डब्यांत राहत होती. उचलली की थेट गाडीपाशी नेता येते, एवढाच बादलीचा गुण. बाकी हवा तो पाना कायम तळाशी, आणि तळाशी कधीतरी साचलेलं पाणी. १४चा रिंग पाना वर काढला तेव्हा रिंगेच्या आतल्या खाचांत लाल भुकटी भरलेली होती. त्या दिवशी ठरवलं, आता टूल चेस्ट, म्हणजे खणांची पेटी घ्यायची.

आधी मोजणी

पेट्या बघायला निघण्याआधी जुनी चादर अंथरली, सगळं मांडलं आणि थोडं थोडं करून माणसं तोलायच्या काट्यावर ठेवलं. या सगळ्या प्रकरणात मी आपणहून केलेलं हे एकमेव शहाणपणाचं काम. अंदाज होता पंधरा-वीस किलोंचा, भरलं ३८. त्यातल्या ११ किलो तर नुसत्या गोट्या (नटवर बसणारे सॉकेट) आणि रॅचेट, म्हणजे गोट्या फिरवायचे दांडे. लोखंड मुठीत हलकं वाटतं, एकत्र आलं की खांदा काढतं.

मग लांबी. सगळ्यात लांब निघाला ब्रेकर बार, म्हणजे घट्ट नट सोडवायचा लांब दांडा, ६०० मिमी. सुरुवात करणारे बरेच जण २६ इंची पेटी बघतात, मीही तीच धरून चाललो होतो. २६ इंच म्हणजे बाहेरून ६६० मिमी रुंद. दोन्ही बाजूंचा पत्रा, स्लाइडची (खण जिच्यावर सरकतो त्या पट्टीची) जाडी आणि खणाची घडी वजा केली तर आत जेमतेम ५६०-५७० मिमी उरतात. बार तिरका टाकला तर बसतो, पण मग तो खण त्या एकट्याचाच. टॉर्क रेंचचंही (ठरावीक जोराने आवळायचा पाना) जवळजवळ तेच, कारण तो मी त्याच्या डब्यातच ठेवतो, काम झालं की सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून.

उंचीही मोजा. अर्ध्या इंची ड्राइव्हच्या (दांडा बसायच्या चौकोनाच्या) लांब गोट्या पाऊणशे मिमीच्या पुढे जातात. ५० मिमीच्या खणात त्या उभ्या राहत नाहीत, आडव्या ठेवाव्या लागतात, आणि आडव्या गोटीवरचा आकडा नेमका खालच्या बाजूला जातो.

नव्या पेट्या

दोन दिवस नव्या पेट्या बघत हिंडलो. पहिला दिवस रंगाला भुलण्यात गेला. दुसऱ्या दिवशी खण ओढायला लागलो, तेव्हा कुठे काय बघायचं ते कळलं.

खण सरकण्याच्या दोन तऱ्हा. एकात खणाची कड पत्र्याच्याच खोबणीत घासत जाते, ग्रीस असेपर्यंत बरं चालतं. दुसऱ्यात बॉल बेअरिंगची, म्हणजे लोखंडी छर्ऱ्यांवर सरकणारी स्लाइड असते. रिकामा खण ओढून यातला फरक कळत नाही. माझी परीक्षा अशी: खण पूर्ण बाहेर काढायचा, पुढच्या कडेवर दोन्ही तळहात ठेवून हलकं दाबायचं, मग डावीकडे-उजवीकडे हलवायचा. घासणारा खण लगेच मान टाकतो. स्वस्तातला बॉल बेअरिंगवालाही टाकतो, फक्त जरा उशिरा. शिवाय ‘पूर्ण बाहेर’ म्हणजे खरंच पूर्ण का, ते बघा. काही स्लाइड तीन-चतुर्थांशच उघडतात, आणि मागच्या अंधाऱ्या पट्ट्यात बादलीच परत तयार होते.

चांगल्या खणांवर ४५ किलो असं लिहिलेलं असतं, म्हणजे जुने १०० पौंड. हे वजन खणभर सारखं पसरलेलं धरतात. सगळे हातोडे पुढच्या कडेला रचून तो आकडा लागू होत नाही.

पत्र्याच्या बाबतीत गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिमी, २२ गेज पाऊण मिमीच्या आसपास. मी खिशात जाडी मोजायचं व्हर्निअर घेऊनच गेलो होतो (विक्रेत्याच्या चेहऱ्याचं वर्णन करत नाही). मोजताना घडी घातलेली कड टाळा, तिथे पत्रा दुहेरी असतो. रंगाचा थरही थोडा भर घालतो. व्हर्निअर नसेल तर बाजूच्या मोठ्या पत्र्याच्या मधोमध अंगठा दाबा. डब्याच्या झाकणासारखा टक्कन आत जाऊन बाहेर आला, तर समजून घ्या.

आणि ते ‘पेटीसकट दोनशे नगांचा संच’ प्रकरण. १९२० साली स्नॅप-ऑन या अमेरिकी हत्यार कंपनीने गोटी आणि दांडा वेगळे करून विकायला काढले, तेव्हा सांगणं असं होतं की ५ दांडे आणि १० गोट्या मिळून ५० पान्यांचं काम करतात. म्हणजे कमी वस्तूंत जास्त काम, हाच सगळा मुद्दा. आता आकडा फुगवण्यासाठी प्रत्येक बिट, प्रत्येक एलन की मोजतात. पेटी वेगळी घ्या आणि पाने लागतील तसे घ्या, असं माझं मत. संचाबरोबर येणारी पेटी बहुतेकदा संच पोचवण्यापुरतीच बनवलेली असते.

नवीतली जी मनात भरली ती आवाक्याबाहेर होती. आवाक्यातली होती ती मान टाकत होती. तिथूनच जुनीकडे वळलो.

तीन जुन्या पेट्या

पहिली लांबून झळझळीत. इतकी की शंका आली. खण काढून खालच्या बाजूला बोट फिरवलं तर गंजावरच रंग मारलेला, पापुद्रे हातात आले. बाहेर पोचा असेल तर चालतो, डाग चालतात. खालच्या पट्टीला, म्हणजे जिथे चाकं बोल्ट होतात तिथे, गंजाने पत्रा खाल्लेला असेल तर नाही. पेटीचं सगळं वजन शेवटी तिथेच येतं.

दुसरी दिसायला ठीक होती, पण मधले दोन खण बंद होताना एका कोपऱ्यात अडत होते. टेप काढून समोरच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले. ९ मिमीचा फरक. पेटी कधीतरी पडली असणार, किंवा भरलेली असताना एका कोपऱ्याने उचलली असणार. वाकडी चौकट घरी सरळ होत नाही.

तिसरी घेतली. ४२ इंची, ११ खण, रंग उडालेला, एक चाक मेलेलं, किल्ली गायब. हिच्यापाशी एक नवी युक्ती सापडली. हँडलच्या पट्टीवरचा रंग कुठे झिजलाय ते बघायचं. आधीच्या मालकाचा हात कुठे जायचा, ते तिथे छापलेलं असतं. हिच्यावर वरून तिसऱ्या खणाला उजव्या बाजूला चार बोटांएवढा चकचकीत पट्टा होता. म्हणजे तो रोज एका हाताने, उजव्याच बाजूने ओढलेला. मग त्याच खणाची स्लाइड आधी तपासली. थोडी सैल होती, पण छर्रे सगळे जागेवर. सगळ्यात जास्त राबलेला खण या अवस्थेत असेल, तर बाकीच्या दहांची काळजी नको.

कुलपाची परीक्षा किल्ली मिळेपर्यंत लांबली, हा धोका मी पत्करला. कुलपाच्या तोंडावर बारीक नंबर कोरलेला असतो, त्यावरून किल्ली मिळते. माझी मिळाली. कुलूप फिरलं की आतली उभी पट्टी सरकते आणि खण अडकतात. ती पट्टी वाकलेली असेल तर काही खण अडकतात, काही नाहीत, म्हणून कुलूप लावून प्रत्येक खण ओढून बघा. आणि त्याच नंबरची किल्ली जगात आणखी कितीतरी जणांकडे असते. कुलूप उत्सुक हातांसाठी आहे, चोरासाठी नाही.

छर्रे

रिकामी पेटीच शंभर किलोंच्या आसपास. तिला हलवायचं तर सगळे खण काढायचे, प्रत्येकावर मास्किंग टेप लावून नंबर टाकायचा. खण काढताना दोन्ही बाजूंच्या स्लाइडवर एक छोटी काळी पट्टी असते. एका बाजूची वर ढकलायची, दुसऱ्या बाजूची खाली. दोन्ही वर ढकलून पाच मिनिटं कुस्ती खेळलो, मग लक्षात आलं.

काढणं सोपं. खरी गंमत परत घालताना. स्लाइडच्या आत छर्रे एका पातळ पिंजऱ्यात बसवलेले असतात, आणि हा पिंजरा पुढे-मागे सरकतो. खण घालण्याआधी दोन्ही बाजूंचे पिंजरे बोटाने ओढून अगदी पुढच्या टोकाशी आणायचे. पहिले चार खण मी असे नीट घातले आणि मग मला घाई झाली. पाचव्याच्या डाव्या बाजूचा पिंजरा मागे राहिला होता. खणाची पट्टी त्याच्यावर जाऊन आदळली. अडलं, म्हणून मी जोर लावला. कुर्रर्र असा आवाज, मग क्षणभर शांतता, मग जमिनीवर टिकटिक टिकटिक. छर्रे उड्या मारत पेटीखाली, जॅकखाली, दाराच्या फटीत.

चुंबक फिरवून २२ सापडले, पाहिजे होते २४. पिंजऱ्याची दोन घरं दबली होती, ती बारीक पेचकसाने हळूहळू उघडली, ग्रीसचा ठिपका ठेवून एकेक छर्रा चिकटवला. दोन घरं रिकामी ठेवूनच स्लाइड जोडली. चालते. तिच्यात हलक्या वस्तू ठेवल्या आहेत. खण आत जाताना शेवटी थोडा दाब लागतो आणि खट् होतं, ते ठीक. सुरुवातीलाच अडला तर मात्र जोर लावू नका, बाहेर काढून पिंजरे बघा.

डागडुजी

स्लाइडमधलं जुनं ग्रीस घट्ट होऊन त्यात धातूची भुकटी अडकली होती. रॉकेलच्या फडक्याने पुसलं, कोरडं केलं, पांढरं लिथियम ग्रीस अगदी पातळ लावलं. नुसता गंज सोडवायचा स्प्रे मारून सोडू नका. तो उरलंसुरलं ग्रीसही धुऊन काढतो आणि दोन आठवड्यांत खण पुन्हा ओरडायला लागतो.

रंगाला हात लावला नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडा पॉलिश पेपर मारून धूळ उडवायची नाही, इतकं नक्की होतं. उघड्या पत्र्याचे डाग तेवढे ओल्या पेपरने घासून प्रायमर लावला. बाकी पोच्यांसकट तशीच आहे.

मेलेल्या चाकाच्या जागी एकच नवं चाक आणणार होतो. मग हिशेब केला. पेटी १००, माझे ३८, पुढे वाढणार ते धरून २५० किलो. चार चाकं आहेत म्हणून चाराने भागायचं नाही, कारण जमीन कधीच सपाट नसते आणि बहुतेक वेळा वजन तीनच चाकांवर असतं. २५० भागिले ३, म्हणजे ८३. १०० किलो सोसणारी चारही चाकं बदलली, १२५ मिमी व्यासाची, म्हणजे जमिनीतल्या फटीत अडकत नाहीत. दोन फिरती, ब्रेकवाली, ढकलायच्या हँडलच्या बाजूला. दोन स्थिर पलीकडे. चाकं आणण्याआधी प्लेटच्या भोकांमधलं अंतर मोजून न्या. मी मोजलं नव्हतं. दोन खेपा झाल्या.

मांडणीत एक नियम पाळतो: भरताना खालून वर, रिकामी करताना वरून खाली. आणि दोन जड खण एकदम उघडे ठेवायचे नाहीत. काही पेट्यांत एक उघडला की बाकीचे अडकतात अशी सोय असते, माझ्या पेटीत नाही. परवा गोट्यांचा आणि पक्कडींचा, दोन्ही खण बाहेर होते आणि मागची चाकं जमिनीवरून बोटभर उचलली गेलेली दिसली. तेव्हापासून ही सवय आपोआप लागली आहे.

खणांत तळाला रबराची खाचेची चटई टाकली. मऊ कापड ओल धरून ठेवतं, म्हणून नको. व्हर्निअर आणि फीलर गेजच्या (फट मोजायच्या पात्या) लहान खणात कापराची वडी ठेवली आहे. जुने मशिनिस्ट मोजमापाच्या हत्यारांच्या पेटीत कापूर ठेवत. त्याची वाफ धातूवर बसून ओल दूर ठेवते, असा त्यामागचा हिशेब. त्या लाकडी पेट्या घट्ट बंद व्हायच्या. माझ्या पत्र्याच्या पेटीला चारी बाजूंनी फटी आहेत, तेव्हा फार आशा ठेवलेली नाही. खण उघडला की वास मात्र छान येतो.

१४चा रिंग पाना रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवला, सकाळी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतला, ब्रशने घासला, तेल लावलं. खाचा थोड्या खाल्ल्यासारख्या दिसतात, पण नटवर घट्ट बसतो. आता तो वरून तिसऱ्या खणात, १३ आणि १५च्या मध्ये आहे, आणि तो खण मी उजव्याच बाजूने ओढतो.

तळाचा मोठा खण अजून रिकामा आहे. बादली त्यात बसत नाही, बघितलं ठेवून.