मामांच्या डिस्चार्ज बुकातील राहून गेलेली नोंद

माझ्या मामांच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे सैन्यातून सेवामुक्त होताना मिळालेल्या सेवानोंदींच्या पुस्तकात, पदकांच्या जागी दोनच नावे होती : संग्राम पदक आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचे पदक. १९७१ च्या डिसेंबरात, बांगलादेश युद्धाच्या वेळी, मामा त्रिपुरात, आगरतळ्याच्या बाजूला होते. पूर्वेकडील युद्धक्षेत्रात प्रत्यक्ष सेवा केलेल्यांना ‘पूर्वी स्टार’ नावाचे पदक दिले गेले, पश्चिम आघाडीवरच्यांना ‘पश्चिमी स्टार’. मामांच्या पुस्तकात यांपैकी काहीच नव्हते. फौजेतून परतल्यावर त्यांनी मंगळवेढ्याकडची कोरडवाहू ज्वारी सांभाळली आणि या गोष्टीचा फारसा विचार केला नाही. नातवाने शाळेच्या एका प्रकल्पासाठी पुस्तक मागितले, तेव्हा हा विषय निघाला आणि माझ्याकडे आला, कारण मी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेली असून कागदाची भीती न वाटणारी घरातली व्यक्ती म्हणून माझी ख्याती आहे.

सोलापूर जिल्ह्यात अशी पुस्तके अनेक घरांत ट्रंकेच्या तळाशी पडून असणार, म्हणून या कामात जे कळले ते सविस्तर लिहीत आहे. मामांची पलटण कोणती आणि त्यांचे अभिलेख कोणत्या कार्यालयात आहेत, हे मी मुद्दाम लिहीत नाही. चूक पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीची आहे आणि आज त्या टेबलावर बसलेल्या माणसाचा तिच्याशी काही संबंध नाही.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. मोहिमेचे पदक आणि शौर्यपदक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे पुरावेही वेगळ्या ठिकाणी सापडतात. वीर चक्र, सेना पदक किंवा युद्धवृत्तातील उल्लेख यांची अधिसूचना राष्ट्रपती सचिवालयामार्फत भारताच्या राजपत्रात नावानिशी प्रसिद्ध होते. त्यामुळे अशी नोंद पुस्तकातून सुटली असेल, तर राजपत्राचा अंक हाच निर्णायक कागद ठरतो. शौर्यपदकाबरोबर मासिक भत्ताही येतो. २०१७ च्या वाढीनंतर वीर चक्रासाठी तो सात हजार आणि शौर्यासाठीच्या सेना पदकाला दोन हजार रुपये होता, त्यामुळे तिथे नोंद सुटण्याचा अर्थ सरळ आर्थिक नुकसान असा होतो. मोहिमेच्या पदकांचे तसे नाही. ती विशिष्ट काळात विशिष्ट क्षेत्रात सेवा केलेल्या प्रत्येकाला मिळतात, त्यांची नावे राजपत्रात छापली जात नाहीत, आणि त्यांनी निवृत्तिवेतनात एका रुपयाचीही भर पडत नाही. मामांचा धाकटा मुलगा मला म्हणाला, "ताई, पैसे मिळणार नसतील तर एवढी पायपीट कशाला?" त्याचे म्हणणे हिशेबाच्या दृष्टीने बरोबर होते. मामांनी मात्र एवढेच सांगितले : "मी तिकडं होतो हे मला ठाऊक हाय. सरकारला ठाऊक नसंल, तर सांग त्यांना."

ते वाक्य ऐकल्यावर मला अर्जाचा खरा विषय कळला. आपण पदक मागत नाही, आपण एका तारखेला एका ठिकाणी हजर होतो, हे दाखवून द्यायचे आहे. त्यानंतर तीन प्रश्न एकामागून एक येतात. पदकाचा हक्क होता का? हक्क असेल तर त्याचा आदेश निघाला का? आदेश निघाला असेल तर तो पुस्तकात उतरवला गेला का? बहुतेक माजी सैनिक थेट "माझे पदक मिळाले नाही" असे लिहितात आणि त्यांना "अभिलेखात नोंद आढळत नाही" असे उत्तर येते. हे उत्तर खोटे नसते, पण त्याने तीनपैकी एकाही प्रश्नाचा निकाल लागत नाही.

सैन्यातील नोंदींचा प्रवास समजून घेतला की पुढचे सोपे जाते. जवानाच्या सेवेत जे काही घडते, म्हणजे बदली, बढती, रजा, लग्न, अपत्यजन्म, पदक, ते सगळे युनिटकडून पार्ट टू ऑर्डरने प्रसिद्ध होते. त्या आदेशाच्या आधारे रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असलेल्या त्याच्या शीट रोलमध्ये, म्हणजे सेवेच्या मूळ नोंदपत्रात, नोंद होते, आणि सेवा संपताना शीट रोलवरून डिस्चार्ज बुक तयार होते. याचा अर्थ असा की डिस्चार्ज बुक ही शेवटची नक्कल आहे, मूळ नव्हे. आमच्या लेखा विभागातही सेवापुस्तकात चूक सापडली की आधी मूळ आदेश शोधावा लागे; आदेशच नसेल तर सेवापुस्तकातील खाडाखोड कोणी मान्य करत नसे. सैन्याचा न्यायही तोच आहे, फक्त शिस्त जास्त कडक.

मामांच्या बाबतीत गाठ नेमकी कुठे पडली, ते शीट रोलची प्रत हाती आल्यावर समजले. मामा चालक होते. त्यांचे मूळ युनिट त्या काळात शांत भागात होते आणि मामांना दुसऱ्या एका युनिटबरोबर अटॅचमेंटवर, म्हणजे तात्पुरते जोडून, पाठवलेले होते. पदकांची यादी पाठवण्याची वेळ आली तेव्हा मूळ युनिटने स्वतःच्या ठिकाणाप्रमाणे यादी केली असावी आणि ज्यांच्याबरोबर मामा होते, त्यांनी हा माणूस परका म्हणून सोडून दिला असावा. हा माझा अंदाज आहे, पण अटॅचमेंटची नोंद तारखांसह शीट रोलमध्ये होती, ही वस्तुस्थिती आहे, आणि अर्जाचा सगळा भार तिच्यावरच उभा राहिला. चालक, स्वयंपाकी, न्हावी, धोबी, सिग्नलवाले, वैद्यकीय मदतनीस अशा एकट्यादुकट्याने इकडून तिकडे पाठवल्या जाणाऱ्या माणसांच्या नोंदी सुटण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते.

शीट रोलची प्रत मिळवण्यासाठी आम्ही माहितीचा अधिकार वापरला. २००५ च्या या कायद्यानुसार दहा रुपये शुल्कात अर्ज करता येतो, तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे, आणि उत्तर न मिळाल्यास किंवा अपुरे मिळाल्यास पुढील तीस दिवसांत पहिले अपील करता येते. यात एक गोष्ट कटाक्षाने पाळावी : कारणे विचारू नयेत, प्रती मागाव्यात. "मला पदक का दिले नाही?" या प्रश्नाला माहिती अधिकारी बांधील नाही, कारण हा कायदा अस्तित्वात असलेली कागदपत्रे देण्याचा आहे, खुलासे मागण्याचा नव्हे. "अमुक आर्मी नंबरच्या शीट रोलची साक्षांकित प्रत आणि पदकांविषयीच्या पार्ट टू ऑर्डरच्या प्रती" अशी मागणी केली की टाळायला जागा उरत नाही. अर्ज सैनिकाच्या स्वतःच्या सहीने जावा. भाच्यांनी किंवा मुलांनी स्वतःच्या नावाने केला तर तो त्रयस्थाची वैयक्तिक माहिती म्हणून नाकारला जाऊ शकतो.

सोलापूरकरांची एक खास अडचण इथे सांगायला हवी. आपल्या जिल्ह्यातील माजी सैनिकांचे अभिलेख एका जागी नाहीत. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, सिग्नल्सचे जबलपूरला. एकाच गल्लीतील चार निवृत्त हवालदारांचे कागद चार वेगळ्या ठिकाणी असू शकतात, त्यामुळे शेजाऱ्याने ज्या पत्त्यावर अर्ज पाठवला त्याच पत्त्यावर आपणही पाठवणे हा हमखास चुकणारा मार्ग आहे. आपल्या डिस्चार्ज बुकावर आणि पीपीओवर, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या आदेशावर, रेकॉर्ड ऑफिसचे नाव असते, तेच खरे. शंका असल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. तालुक्यांत फिरणारे तिथले कल्याण संघटक बहुधा स्वतः माजी सैनिक असतात. त्यांना शीट रोल म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही आणि अर्ज त्यांच्या शिफारसपत्रासह पुढे गेला तर त्याला वजन येते.

नावाचा घोळ हा स्वतंत्र प्रकरण होण्याच्या लायकीचा आहे. भरतीच्या वेळी परप्रांतीय कारकुनाने मामांचे नाव इंग्रजीत कानाला वाटले तसे लिहिले, वडिलांचे नाव गाळले आणि आडनावातील एक अक्षर बदलले. आधार कार्डावर आता वेगळेच शब्दलेखन आहे. अर्जात आधारवरचे नाव लिहिण्याचा मोह होतो, पण रेकॉर्ड ऑफिसला फक्त त्यांच्या वहीतील माणूस माहीत असतो. म्हणून आर्मी नंबर सर्वांत वर, त्याखाली हुद्दा, आणि नाव पुस्तकात आहे अगदी तसेच, चुकीसकट लिहावे. फरक दाखवायचाच असेल तर प्रतिज्ञापत्र सोबत जोडावे. मामांना हे पटेना. आपलेच नाव चुकीचे लिहून त्याखाली सही करायची, हा त्यांना अपमान वाटला, आणि त्यात त्यांचे काय चुकले, हे मला अजून सांगता येणार नाही.

पुराव्यांबाबत आणखी थोडे. ट्रंकेत पदके असतील तर त्यांची कड भिंगाखाली बघावी. मोहिमेच्या पदकांच्या कडेवर सैनिकाचा नंबर आणि नाव उमटवलेले असते. पदक हातात आहे पण पुस्तकात नोंद नाही, अशा प्रकरणात ही कड फार बोलते. उलट, बाजारातून शिवून-घडवून घेतलेल्या पदकांवर तसे काही नसते आणि समारंभात मिरवलेल्या फितीचा फोटो हा पुरावा ठरत नाही. त्याच तुकडीतील हयात सहकाऱ्याचे प्रतिज्ञापत्र पूरक म्हणून उपयोगी पडते, पण एकट्याच्या बळावर ते पुरे पडेल असे मला वाटत नाही. युद्धातील युनिटची दैनंदिनी युनिट कुठे होते ते सांगते. त्यात एखाद्या चालकाचे नाव सापडण्याची आशा धरू नये.

मूळ अभिलेखच नष्ट झाला असेल तर काय, हा प्रश्न सर्वांत अवघड आहे. ज्यांना निवृत्तिवेतन नाही, अशांचे सेवाभिलेख सैन्य पंचवीस वर्षांनंतर नष्ट करते. निवृत्तिवेतनधारकांचे जास्त काळ राहतात. अमेरिकेत सेंट लुईस येथील अभिलेखागाराला १२ जुलै १९७३ रोजी आग लागली आणि सुमारे १.६ ते १.८ कोटी सैनिकी फायली जळाल्या. तेव्हापासून तिथे हजेरीचे अहवाल, वेतनाच्या नोंदी अशा दुय्यम कागदांवरून सेवा पुन्हा उभी केली जाते. तिथली एक पद्धत मला आवडली : सेवामुक्तीचा मूळ दाखला, ज्याला डीडी २१४ म्हणतात, तो न खोडता राहिलेले पदक डीडी २१५ या वेगळ्या दुरुस्तीपत्राने जोडले जाते आणि दोन्ही कागद बरोबर ठेवले जातात. मूळ कागद तसाच राहतो आणि दुरुस्ती केव्हा झाली तेही दिसते. लेखा विभागात आयुष्य गेलेल्या माझ्यासारखीला याहून सुंदर काही सुचणार नाही.

आमचा अर्ज एका पानाचा होता. युनिट, अटॅचमेंटचा काळ, ठिकाण, शीट रोलमधील संबंधित नोंदीचा उल्लेख, आणि शेवटी विनंती : हक्क तपासून पार्ट टू ऑर्डर काढावी व पुस्तकात नोंद करावी. मामांनी केलेल्या पहिल्या मसुद्यात युद्धाचे वर्णन होते, पावसाळी रस्ते, होड्यांवरून उतरवलेल्या गाड्या, सगळे. ते मी वेगळ्या वहीत लिहून ठेवले आणि अर्जातून काढले. मूळ डिस्चार्ज बुक पहिल्याच फेरीत पाठवले नाही, साक्षांकित प्रत पाठवली. त्यांनी मागितल्यावरच, प्रत्येक पानाची रंगीत प्रत घरी ठेवून, स्पीड पोस्टाने मूळ पुस्तक गेले.

नोंद झाली. पुस्तक शिक्क्यासह परत आले असून प्रत्यक्ष पदक अजून यायचे आहे. नकार आला असता तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ हा पुढचा मार्ग होता. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणाकडे सेवेविषयीच्या तक्रारी जातात. पण लेखी नकार हातात येण्याआधी तिकडे धावण्यात अर्थ नाही, आणि मुदतीचा नियमही कडक आहे, म्हणून नकाराचे पत्र आले तर त्यावरील तारीख आधी पाहावी.

सैनिक हयात नसेल तर पत्नी किंवा वारस अर्ज करू शकतात. मृत्यूचा दाखला आणि पीपीओची प्रत तर लागतेच, पण आधी पत्नीचे नाव रेकॉर्डमध्ये कसे आहे ते तपासावे. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे नाव बदलण्याची रीत होती, त्यामुळे रेकॉर्डमध्ये माहेरचे, बँकेत सासरचे आणि आधारवर तिसरेच, असे पुष्कळदा आढळते. तसे असेल तर ती दुरुस्ती पहिल्यांदा करून घ्यावी आणि पदकाचा अर्ज त्यानंतरच पाठवावा.