दीड क्विंटलचा गडी आणि फुकटची रताळी

जेसन ब्राउन या अमेरिकन फुटबॉलपटूचा व्हिडिओ आमच्या गावच्या ग्रुपवर दर दोन-चार महिन्यांनी फिरून येतो. खाली ठरलेली ओळ: 'करोडो सोडून शेतीत उतरला!' मग कोणीतरी मला टॅग करतो, कारण दिवसा पराटी-तुरीत राबून रात्री अमेरिकन फुटबॉल पाहणारा वणीकडच्या आमच्या गावात मीच एकटा येडा.

तर नीट सांगतो. हा दीडेक क्विंटलचा गडी, जागा सेंटरची. म्हणजे वाकून, दोन पायांमधून चेंडू मागच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे डाव चालवणाऱ्या गड्याला, द्यायचा आणि त्याच क्षणी समोरून अंगावर येणाऱ्या तसल्याच धिप्पाड माणसाला छातीवर घ्यायचं. कॅमेरा चेंडूमागं पळतो. सेंटरचं नाव निघतं ते चुकला तरच. 2005 मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत बाल्टिमोर रेव्हन्स या संघानं त्याला चौथ्या फेरीत घेतलं. 2009 मध्ये सेंट लुईस रॅम्सनं 5 वर्षांसाठी 3.75 कोटी डॉलरचा करार केला. तेव्हा तेवढा पैसा दुसऱ्या कुठल्याच सेंटरला नव्हता. पण एनएफएलचा, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक लीगचा, करार कापसाच्या हमीभावासारखा: जाहीर होतो एक, हातात पडतो दुसरा. 2012 मध्ये, करार अर्धवट असतानाच, रॅम्सनं त्याला नारळ दिला.

हे व्हिडिओत नसतं. दुसरे संघ घ्यायला तयार होते, तो गेला नाही, हे मात्र खरं. त्याचा मोठा भाऊ 2003 मध्ये इराकमध्ये मारला गेला, वयाच्या 27व्या वर्षी. स्वतःला 27वं लागलं तेव्हा, आपण काय करतोय, हा प्रश्न त्याला पडला. एजंटनं वेड्यात काढलं. यानं नॉर्थ कॅरोलायनात लुईसबर्गजवळ हजारेक एकर घेतलं आणि यूट्यूब पाहून शेती शिकला. 2014 मध्ये पहिली रताळी निघाली, साडेचारशे क्विंटलच्या आसपास. सगळी गरजूंना वाटून टाकली.

घरी वाचून दाखवलं तर आमची ही म्हणाली, "त्यानं पह्यले पैसा कमावला, मंग वावर घेतलं. तुम्ही वावरातून पैसा काढाले निंगाले!"

मुद्दा बरोबर आहे. तरी त्या माणसाला मी मानतो. नाल्याकाठी महाशिवरात्रीपुरती दोन ओळी रताळी मी लावतो. कुदळीचा घाव जरा चुकला की रताळं कापतं, चीक सुटतो, आणि ते टिकत नाही. साडेचारशे क्विंटल काढायचं म्हणजे माणसं किती लागली असतील! तिकडे स्वयंसेवक धावून आले म्हणे. इथं चार पैसे जास्त देतो म्हटलं तरी कापूस वेचणीला दिवाळीपर्यंत कोणी फिरकत नाही.