कुठे बसवायचा आहे?

अर्ध्या इंचाचा पितळी निपल, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला पाइपाचा आखूड तुकडा, आणि अर्ध्या इंचाचा एनआरव्ही, म्हणजे पाणी पुढे जाऊ देणारा पण मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह, या दोन्ही वस्तू आमच्या दुकानातून रोज जातात. नाशिकमध्ये रविवार कारंज्याजवळच्या एका गल्लीत आमचे हार्डवेअरचे दुकान आहे. मामंजींनी ते उभे केले आणि आता काउंटरवर बहुतेक वेळ मी असते. यंदाच्या थंडीत एका गिऱ्हाईकाने या दोन वस्तू एकत्र मागितल्या आणि त्या मी दिल्या नाहीत. पैसे काढून उभ्या असलेल्या माणसाला, माल खणात असताना, नाही म्हणणे दुकानदाराच्या जिवावर येते. त्या दिवशी पुढे जे घडले ते अजून पुरते निस्तरलेले नाही, म्हणून सगळे क्रमाने लिहून काढते आहे.

आमच्यासारख्या दुकानाचे कौतुक करणारे लोक हल्ली पुष्कळ भेटतात. ते लाकडी खणांचे फोटो काढतात, प्रत्येक खणाच्या तोंडाशी आतल्या वस्तूचा नमुना स्क्रूने बसवलेला पाहून हरखतात, आणि एकच वायसर किंवा दोनच बिजागऱ्या सुट्या मिळतात याचे त्यांना नवल वाटते. हे सगळे खरे आहे आणि मला त्याचा अभिमानही आहे. परंतु आमच्या धंद्याचा कणा गिऱ्हाईकाला विचारायच्या प्रश्नात आहे. अर्धा इंच म्हणून जो पाइप ओळखला जातो, त्याच्या बाहेरच्या आट्यांचा व्यास प्रत्यक्षात २१ मिलिमीटर भरतो, कारण ‘अर्धा इंच’ हे माप पूर्वीच्या जाड पाइपाच्या आतल्या पोकळीवरून पडलेले आहे. घरी टेप लावून मोजणारा सुशिक्षित माणूस २१ मिलिमीटर पाहतो, ते पाऊण इंचाच्या जवळ आहे असे समजून मोबाइलवरून पाऊण इंची नळ मागवतो, आणि तो बसला नाही की आमच्याकडे येतो. अर्धा आणि पाऊण या दोन्ही मापांना इंचाला चौदाच आटे असतात, त्यामुळे नुसते आटे मोजूनही हा घोळ सुटत नाही. म्हणून आमच्याकडे मापाआधी ‘कुठे बसवायचा आहे?’ असे विचारायची पद्धत आहे. मामंजींनी ती मला पहिल्या आठवड्यात शिकवली, आणि दुकानात काम करणाऱ्या प्रत्येक मुलाला मी ती शिकवते.

त्या दिवशी दुकान उघडून थोडाच वेळ झाला होता. पस्तिशी-चाळिशीचे एक गृहस्थ, बँकेत नोकरीला, कामावर जाता जाता आले होते. पाथर्डी फाट्याकडे त्यांचा फ्लॅट होता आणि प्लंबर दुपारी येणार होता. त्याने लिहून दिलेल्या चिठ्ठीचा फोटो त्यांनी मोबाइलवर दाखवला: ‘१/२ निपल पितळी, १/२ एनआरव्ही पितळी, टेफ्लॉन.’ अक्षर सराईत होते. पितळी असे दोनदा लिहिणारा प्लंबर काम टिकाऊ करणारा असतो, हे मी चिठ्ठ्या पाहून पाहून शिकले आहे.

“कुठे बसवायचा आहे?” मी विचारले.

“गीझरला.”

“गीझरचा मूळचा व्हॉल्व्ह कुठे आहे?”

“तोच तर गळतो. प्लंबर म्हणाला, तो काढूनच टाकू.”

इथे माझा हात खणावरच थांबला. साठवणीच्या गीझरला थंड पाणी जिथून आत शिरते तिथे एक पितळी व्हॉल्व्ह असतो. आम्ही त्याला एमएफव्ही, म्हणजे मल्टी-फंक्शन व्हॉल्व्ह, म्हणतो, आणि त्याच्या बाजूला एक बारीक तोटी असते. त्या एकाच अंगात दोन कामे असतात. पहिले काम एनआरव्हीचे: गच्चीवरची टाकी रिकामी झाली तरी गीझरमधले पाणी उलटे निघून जाऊ नये, आणि गीझरच्या रिकाम्या टाकीत हीटर तापून जळू नये. दुसरे काम दाब सोडण्याचे. पाणी तापले की फुगते. हिवाळ्यातले गार पाणी ६० अंशांपर्यंत तापवले तर ते सुमारे दीड टक्का वाढते, म्हणजे २५ लिटरच्या टाकीत पावणेचारशे मिलिलिटरच्या आसपास जास्तीचे पाणी तयार होते. मागे जायला एनआरव्ही अडवतो आणि पुढे नळ बंद असतो, तेव्हा हे पाणी त्या बारीक तोटीतून थेंब थेंब बाहेर पडते. लोकांना जी गळती वाटते, ती त्या व्हॉल्व्हची नोकरी आहे.

तो काढून त्या जागी साधा निपल आणि वेगळा एनआरव्ही बसवला की गळणे खरोखर थांबते. कारण आता पाण्याला बाहेर पडायला वाटच नसते. गीझर दोन्ही बाजूंनी बंद केलेले भांडे होते आणि रोज सकाळी त्याच्या जोडांवर ताण येतो. ठरल्या तापमानाला हीटर बंद करणारा थर्मोस्टॅट आणि तो चुकला तर वीज तोडणारा त्यामागचा थर्मल कटआउट चांगले असतील तोवर टाकी हा ताण कदाचित वर्षानुवर्षे सोसेल. पण ज्या दिवशी ते दोन्ही चिकटतील, त्या दिवशी पाणी शंभर अंशांच्या पुढे जाईल, आणि टाकी फाटली की त्यातल्या काही पाण्याची एकदम वाफ होईल. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशे पट जागा मागते. न्हाणीघरात तेवढी जागा नसते.

यातले काही मी त्यांना सांगितले आणि एक प्रश्न विचारला: पाणी सारखे गळते, की गीझर चालू असतानाच? त्यांना माहीत नव्हते. मी घरी फोन लावायला सांगितला. त्यांच्या आईंनी फोन उचलला आणि स्पष्ट सांगितले, “बटण लावलं की टपटपतं, पाणी काढलं की थांबतं.” म्हणजे व्हॉल्व्ह उत्तम चालला होता. सारखे गळत असते तर व्हॉल्व्हच्या बैठकीत, म्हणजे झडप टेकते त्या जागी, क्षार अडकला असेल किंवा स्प्रिंग मऊ पडली असेल असे म्हटले असते आणि नवा एमएफव्ही दिला असता. नव्या वसाहतींमध्ये बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यामुळे हे बऱ्याचदा होते.

“मॅडम, मला दोन वस्तू हव्यात. त्या तुमच्याकडे आहेत की नाहीत?” ते म्हणाले. त्यांना बँकेत उशीर होत होता, गाडी लांब लावावी लागली होती, आणि रविवार कारंज्याला गाडी लावून आलेल्या माणसाचा संयम किती उरतो हे आम्हांला ठाऊक आहे.

“आहेत, पण या कामासाठी देणार नाही.”

तेवढ्यात मामंजी आतून ‘कापलेला’ घेऊन आले. खराब झालेला एक एमएफव्ही त्यांनी शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, धरून हॅक्सॉने उभा चिरला होता आणि कापाच्या कडा कानशीने साफ केल्या होत्या. आत दोन स्प्रिंगा दिसतात. प्रवाहाच्या वाटेवरची स्प्रिंग इतकी हलकी की करंगळीने दबते. तोटीकडची मात्र दोन अंगठ्यांनीही हलत नाही. अंगावर बाण आहे आणि ‘८ बार’ असे कोरले आहे. दहा मीटर उंचीचे पाणी साधारण एक बार दाब देते, त्यामुळे सात मजली इमारतीच्या तळघरातही नुसत्या टाकीच्या पाण्याने ही स्प्रिंग उघडत नाही. ती उघडायला तापलेल्या पाण्याचा फुगवटाच लागतो. मामंजींनी हे सगळे त्यांच्या हातात देऊन दाखवले. गृहस्थांनी दोन्ही स्प्रिंगा दाबून पाहिल्या, प्लंबरला फोन लावला, पलीकडून आवाज चढलेला आम्हांलाही ऐकू आला, आणि ते “समोर मिळेल” म्हणून निघून गेले.

समोर मिळालेच. पिशवी हातात घेऊन ते परत जाताना मी पाहिले. समोरच्या दुकानदाराला मी दोष देत नाही. दोन्ही वस्तू चांगल्या, प्रमाणित आणि हजार ठिकाणी लागणाऱ्या आहेत. धोका त्या दोघींना कुठे एकत्र बसवता यात आहे आणि तो चिठ्ठीवर लिहिलेला नसतो. मोठ्या चकचकीत दालनांत तर विचारणारे कोणी नसतेच. तिथली मुले पाकिटावरचे वाचून दाखवतात, आणि त्यांना तेवढेच शिकवलेले असते. मोबाइलवर माल मागवला तर वाचून दाखवणाराही नाही. विचारण्याला लोक आता चौकशी समजू लागले आहेत, आणि त्यातले काही, मी काउंटरवर आहे म्हणून, “शेठ नाहीत का?” असे विचारून माझा प्रश्न ओलांडतात. सल्ला फुकट मिळतो म्हणून त्याची किंमत नाही, हे मला फार लागते.

दुपारी तो प्लंबर स्वतः दुकानात आला. गृहस्थांच्या मनात शंका राहिली होती आणि त्यांनी काम थांबवायला सांगितले होते. त्याची मजुरी बुडाली होती, आणि तो भांडायलाच आला होता.

“ताई, गिऱ्हाईकाला थेंब दिसला की ते म्हणतं काम कच्चं. पुन्हा बोलावतं आणि दुसऱ्या खेपेचे पैसे देत नाही. तुम्ही येऊन बसणार का तिथं?”

त्याचे हे म्हणणे खोटे नव्हते. दुरुस्तीला आलेल्या माणसाने ‘हे बरोबर आहे, याला हात लावायचा नाही’ असे सांगितले तर त्या सांगण्याचे पैसे आपण देत नाही. काहीतरी काढून काहीतरी बसवले तरच देतो. चांगल्या कारागिराला आपणच असे बिघडवतो.

मामंजींनी त्याला स्टूल दिले आणि विचारले, “तुमचे वस्ताद कोण?” त्याने नाव सांगितले. ते वस्ताद आमच्याकडून जी.आय. पाइप नेत, कॉलेज रोडवरच्या जुन्या बंगल्यांची कामे त्यांची असत, आणि मामंजींना त्यांची आटे पाडायची डायसुद्धा आठवत होती. तिथून बोलणे बदलले. त्या बंगल्यांत गीझरला एमएफव्ही नसायचा, हे प्लंबरने सांगितले, आणि ते बरोबर होते. पण तिथे गरम पाण्याच्या पाइपाला एक मोकळी शाखा काढून ती गच्चीवरच्या टाकीच्याही वर नेऊन वाकवलेली असे. तो व्हेंट पाइप. फुगलेले पाणी तिथून चढे आणि टाकीत पडे. वस्तादांनी शिष्याला व्हॉल्व्हशिवाय गीझर बसवायला शिकवले होते, पण फ्लॅटमध्ये व्हेंट पाइप न्यायला जागा नाही, वर पाण्याचा दाब वाढवणारे प्रेशर पंप आले, आणि गरम पाणी मागे जाते म्हणून त्याने स्वतःच्या अकलेने एनआरव्ही घातला. प्रत्येक पाऊल त्याच्या परीने विचार करून टाकलेले होते.

“व्हेंट गेला, मग फुगलेलं पाणी जातं कुठं?” मामंजींनी विचारले.

तो बराच वेळ कापलेल्या व्हॉल्व्हची तोटीकडची स्प्रिंग दाबत राहिला. मग त्याने बोटांवर घरे मोजायला सुरुवात केली. त्याच इमारतीत आणि शेजारच्या इमारतीत त्याने अशी जोडणी आधी करून दिली होती.

तो आमचा नेहमीचा प्लंबर नव्हता आणि त्याचे आमच्याकडे खाते नव्हते. मामंजींनी मला वही काढायला सांगितली आणि त्याला लागतील तेवढे एमएफव्ही उधारीवर दिले, सोबत तोटीला लावायची पारदर्शक नळी मीटरवर कापून दिली. नळी मोरीच्या जाळीपर्यंत नेली की थेंब दिसत नाही आणि तक्रार येत नाही. गृहस्थांच्या घरीही शेवटी तेवढेच काम झाले. त्यांच्या मूळच्या व्हॉल्व्हला कोणी हात लावला नाही, आणि समोरच्या दुकानातला निपल आणि एनआरव्ही त्यांनी परत केले. ते मला फोन करून कळवायला विसरले नाहीत, याचे मला समाधान आहे.

प्लंबर नंतर व्हॉल्व्हचे पैसे द्यायला आला, तेव्हा दोन व्हॉल्व्ह त्याने परत आणले होते. एका घरात भाडेकरू राहतात आणि मालक पुण्याला असतात. चालू गीझरवर खर्च करायचा नाही, असे त्यांनी फोनवर सांगितले. दुसऱ्या घरात नळी लावूनही चालणार नव्हते, कारण नव्या टाइल्सवर काहीही लोंबलेले त्यांना नको होते. या व्हॉल्व्हविषयी मी मराठीत एक साधी सूचना लिहून दिली आणि बँकेतल्या गृहस्थांनी ती सोसायटीच्या फलकावर लावतो म्हटले आहे.

या दोन घरांवरून मामंजींचे आणि माझे अजून एकमत झालेले नाही. त्यांचे म्हणणे, एमएफव्ही नको असेल तर निदान एनआरव्ही तरी काढून घ्यावा. मग फुगलेले पाणी आल्या वाटेने गच्चीवरच्या टाकीकडे सरकेल, दाब साठणार नाही आणि टाइल्सवर काही लोंबणारही नाही. टाकी रिकामी झाल्यावर हीटर जळण्याचा धोका राहतो, पण तो पैशांचा धोका आहे, जिवाचा नाही. माझे म्हणणे, हे खालच्या मजल्यांना चालेल. वरच्या मजल्यांना पाणी प्रेशर पंपातून येते, आणि पंपाच्या पुढे त्याचा स्वतःचा एनआरव्ही बसवलेला असतो; गीझरजवळचा काढला तरी तो वाट अडवून उभाच राहील. प्लंबर उद्या सीपीव्हीसी पाइप न्यायला येणार आहे. पाइप मोजायच्या आधी मी त्याला ती दोन घरे कितव्या मजल्यावर आहेत ते विचारणार आहे.