हेगचा निकाल आणि तासगावची द्राक्षं

२९ ऑक्टोबर २०२५ च्या डच निवडणुकीत रॉब येटन यांचा डी-६६ हा युरोपवादी पक्ष ९ जागांवरून २६ वर गेला. लगेच 'नेदरलँड्स पुन्हा युरोपकडे वळला' असं सगळीकडे छापून आलं. मला ते पटत नाही.

आधी जागांचा हिशेब बघा. तिकडे जत वेगळं, मिरज वेगळी असे मतदारसंघ नाहीत. देशभरातली वैध मतं एकत्र करून १५० ने भागायची. या निवडणुकीत हा कोटा साधारण ७० हजारांचा आला. तेवढी मतं पडली की पहिली जागा पक्की. जर्मनीसारखी पाच टक्क्यांची अट नाही. उरलेल्या जागांसाठी प्रत्येक पक्षाच्या मतांना 'मिळालेल्या जागा अधिक एक' ने भागतात. ज्याची सरासरी मोठी त्याला जागा, की पुन्हा तोच भागाकार. यात मोठ्या पक्षांचं थोडं फावतं. डी-६६ ला १६.९ टक्के मतं, म्हणजे २५ जागा आणि वर थोडी शिल्लक. सव्विसावी आली ती याच वाटपातून.

गीर्ट विल्डर्स यांच्या पीव्हीव्ही या युरोपीय संघावर नाराज उजव्या पक्षालाही २६च जागा मिळाल्या, आणि दोघांतलं अंतर तीस हजार मतांच्या आत. त्यात मतपत्रिकेवर २७ पक्ष, खूण लाल पेन्सिलीने, मोजणी हाताने. पहिला कोण हे कळायला काही दिवस लागले ते यामुळेच.

आता खरी गोम. पीव्हीव्ही ३७ वरून घसरला खरा, पण त्याच विचारांचे दोन शेजारी पक्ष वाढले: जेए२१ हा १ वरून ९, फोरम ३ वरून ७. तिघांची बेरीज २०२३ मध्ये ४१, आता ४२. ब्रुसेल्सवर, म्हणजे युरोपीय संघावर नाराज असलेला मतदार हलला तो आपल्याच गल्लीत. एनएससी हा मध्यममार्गी पक्ष मात्र २० वरून शून्यावर आला आणि मधली जागा मोकळी झाली. डी-६६ आणि ख्रिस्ती लोकशाहीवादी सीडीए (५ वरून १८) फुगले ते तिथे.

डी-६६ ला युरोपीय संघाच्या परराष्ट्र धोरणातला एकेका देशाचा नकाराधिकार काढायचा आहे, संरक्षण एकत्र हवं आहे. पण सीडीए आणि उजवीकडे झुकणारा व्हीव्हीडी (२२ जागा) यांना धरून त्यांचं सरकार बनलं ते ६६ खासदारांचं. बहुमताला ७६ लागतात, म्हणजे दर ठरावाला बाहेरचे दहा जण गोळा करणं आलं.

तासगाव-पलूसच्या बागायतदाराला यातून काय? रॉटरडॅमला उतरणाऱ्या द्राक्षांतल्या औषधांच्या अंशाची मर्यादा युरोपीय संघ ठरवतो, हेगमध्ये बसणारं डच मंत्रिमंडळ नव्हे. संघात हा निर्णय आजही बहुमतानेच होतो, त्यामुळे नकाराधिकार राहिला काय नि गेला काय, कंटेनरला फरक पडत नाही. २०१० मध्ये आपल्या द्राक्षांचा माल युरोपात अडकला तो वेलीची वाढ रोखायला मारलेल्या लिहोसिन या औषधामुळे. फवारणी करून बराच काळ लोटला तरी त्याचा अंश मण्यांत सापडला. ज्या औषधाला स्वतंत्र मर्यादा नाही, त्याला सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम लागू होते. म्हणून ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षबागांच्या सरकारी नोंदणीत, प्लॉट नोंदवणाऱ्याने फवारणीची वही ऑक्टोबरच्या सुमाराच्या फळछाटणीपासून नव्हे, त्याआधीच्या एप्रिलच्या सुमाराच्या खरड छाटणीपासून लिहावी.